पहिली मात्रा मोकळी

हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन स्थिरावतं. पाण्याच्या टाक्या कोमट होतात, तारांवर अडकून राहिलेला उत्तरायणाचा मांजा मधूनच चमकतो, आणि त्या उन्हात एक हात हवेत हलकेच उलटतो. तळवा वर, बोटं किंचित विलग. कुणी काही ठेवलं तर ठीक, न ठेवलं तरी तक्रार नाही, अशा बेतानं. मग मांडीवर एक टाळी, थोड्या अंतरानं दुसरी, आणि पुन्हा तो तळवा वर. दिगूकाका मोजत असतात. त्यांच्याभोवतीचं ऊनही त्या वेळी सातच्या तुकड्यांत पडतं आहे असं मला वाटतं.

दिगूकाका माझे सख्खे काका नव्हेत. ते बाबांचे मित्र. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात आणि आम्ही, म्हणजे आई आणि मी, दुसऱ्या मजल्यावर. त्यांचे आजोबा संस्थानच्या पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. दिगूकाकांनी मात्र चाळीस वर्षं एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची रेखाचित्रं काढली. पेन्सिल कागदाला टेकवण्याआधी ती क्षणभर कागदाच्या वर तोलून धरायची, ही त्यांची तेव्हापासूनची सवय. चहाचा कप उचलतानाही ते तसेच थांबतात, दाराची कडी वाजवतानाही. त्यांच्या प्रत्येक कृतीच्या आरंभी एक लहानशी पोकळी असते. लहानपणी मला तो संथपणा वाटायचा. तो संथपणा नव्हता, हे कळायला मला सव्वीस वर्षांची व्हावं लागलं.

ते जे मोजतात, ते एकाच गाण्याचं असतं.

ते गाणं बावीस मिनिटांचं आहे आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं. इंग्लंडमधल्या चार मुलांनी ते रचलं, तेव्हा त्यांतला कुणी पंचविशी ओलांडलेला नव्हता. रेकॉर्डच्या आतल्या पाकिटावर त्यांचं छायाचित्र आहे: भिजलेल्या शेतात चौघं उभे, खांद्यांपर्यंत केस, बुटांना चिखल, आणि कुणीही हसत नाही. गाण्यात एक पाणचक्की आहे. तिची नदी केव्हाच आटली आहे, तरी चाक फिरत राहतं. पहिल्या चार मिनिटांत एकही शब्द नाही, केवळ ऑर्गन, आणि त्याच्या तळाशी सातांत फिरणारं ते चाक. पुढे गिटार येते, मग गळा, मग सगळं विरून एकच स्वर उरतो, आणि त्या एका स्वरातून चाक पुन्हा गती घेतं. मी ते प्रथम हेडफोनवर ऐकलं तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता: माझ्याहून लहान असलेल्या मुलांना इतक्या लांब काळाची कल्पना कुठून आली? बावीस मिनिटं एक चाक फिरवत ठेवायचं आणि ऐकणाऱ्याला उठू द्यायचं नाही, हे धाडस त्यांना कुणी शिकवलं?

तेच गाणं बडोद्यातल्या तीन मुलांनी ऐकलं होतं. बाबा, दिगूकाका आणि जवळच्या पादरा गावचे हसमुखभाई. कॉलेजातल्या कुणाच्या तरी आत्यानं परदेशातून रेकॉर्ड आणली होती, आणि ती वाजवायला होता एक झाकणाचा प्लेअर, ज्याचा स्पीकर बशीएवढा. इंग्रजी शब्द तिघांनाही अर्धेच कळायचे. आटलेली नदी म्हणजे त्यांना विश्वामित्री दिसायची, काठावर मगर ऊन खात पडलेली. मी इंग्रजी शाळेत शिकले, मला त्यातला प्रत्येक शब्द कळतो. पण त्या चाकापुढे मला मगर कधीच दिसली नसती. तिघांनी ते गाणं बसवायला घेतलं. चौघांचं काम तिघांवर पडलं. बेस गिटार नव्हतीच, तेव्हा ऑर्गनवर बसलेल्या बाबांच्या डाव्या हातानं ती जागा घेतली. हसमुखभाई एस.टी.नं यायचे, गिटार गोधडीत गुंडाळलेली. दिगूकाकांनी तोवर ड्रम्स कधी वाजवले नव्हते, ते संध्याकाळी तबला शिकायला जात. पण त्यांनी पहिल्यांदा ते चाक ऐकलं आणि त्यांचा हात आपोआप हवेत उलटला.

तबल्यातल्या रूपक तालाला सात मात्रा असतात, आणि त्याची एक गंमत दिगूकाकांनी मला गच्चीवर बसून समजावली होती. इतर तालांत पहिली मात्रा, सम, ठोकून सांगतात. तिथे टाळी पडते. रूपकात पहिलीच मात्रा खाली. तिथे टाळी नाही, तळवा उघडतो. ताल जिथून जन्मतो तिथेच तो हात रिकामा दाखवतो. इंग्लंडमधल्या त्या ड्रमरचं चाकही सातांचं होतं, म्हणून दिगूकाकांनी ते रूपकच धरलं, आणि ड्रम्सवर बसल्यावर प्रत्येक फेऱ्याच्या पहिल्या मात्रेला मोठ्या ड्रमच्या पेडलवरून पाय उचलून धरला. सहा मात्रा वाजवायच्या, पहिली मोकळी सोडायची. पाच-सहा वर्षं त्यांनी ते गाणं असंच वाजवलं. कॉलेजात, एका लग्नात (तिथे ते मधेच थांबवण्यात आलं), आणि बहुतेक वेळा कुणाहीसाठी नाही. मग नोकऱ्या लागल्या. बाबांनी बँकेत, दिगूकाकांनी कारखान्यात, हसमुखभाईंनी पंपसेटच्या दुकानात आपापली वर्षं घातली. मी सहा वर्षांची असताना बाबा गेले.

त्यांच्या वाजवण्याचं एकही ध्वनिमुद्रण आमच्याकडे नाही. आवाज कसा होता तेही मला नीट आठवत नाही. आठवते ती त्यांची टेबलावर चालणारी बोटं, आणि त्या बोटांखाली टेबल मुकं आहे याचं मला वाटलेलं आश्चर्य. उरली आहे एक वही. तिच्यात त्यांनी ते गाणं आपल्या सुरांत लिहून काढलं आहे, सा रे ग म, ओळीत सात घरं, प्रत्येक पहिल्या घराखाली खालीचं लहान शून्य. सहा घरं शाईनं भरलेली. पहिलं घर मात्र पेन्सिलीनं, खोडून खोडून, कुठे कुठे कागद पातळ होईपर्यंत. मला वाटायचं, बाबांना ते घर नीट ऐकू आलं नसावं, म्हणून ते काम अर्धवट राहिलं.

या हिवाळ्यात हसमुखभाईंच्या डोक्यात आलं की सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये, म्हणजे इमारतींच्या मधल्या मैदानात, झेंडावंदनानंतर ते गाणं वाजवायचं. त्यांना वेळ मिळवता येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आठ मिनिटं दिली, आणि बावीस हा आकडा हसमुखभाईंनी शेवटपर्यंत त्यांच्या कानावर जाऊ दिला नाही. ड्रमसेट एका गरब्याच्या ऑर्केस्ट्राकडून आला, कारण थंडीत तो तसाही पडून असतो. राहिली बाबांची जागा. मला कुणी विचारलं नाही. मी फारशी बोलत नाही. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, घरी मराठी, आणि तिन्हींत सारखीच गप्प, असं आई म्हणते. एके सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर ड्रम्सच्या उजवीकडे, जिथे बाबा बसायचे असं मी ऐकून होते, दिगूकाकांनी एक स्टूल ठेवलं होतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते मोजत होते. दुसऱ्या दिवशी मी माझा कीबोर्ड वर नेला.

आणि माझ्यामुळेच सगळं विस्कटलं. मी वहीतली सहा घरं बाबांची घेतली आणि पहिलं घर, अपुरं आहे असं समजून, हेडफोनवर ऐकलेल्या मूळ गाण्यावरून भरलं. तिथे मी जोरानं बोटं टाकायचे आणि दिगूकाका तिथेच नाहीसे व्हायचे. जिन्यात पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं प्रत्येक फेऱ्याला होत होतं. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी हसमुखभाई पादऱ्याहून त्यांच्या मुलाचा मोठा स्पीकर घेऊन आले. तो त्यांनी टाकीच्या कट्ट्यावर ठेवला, मूळ गाणं लावलं, आणि पहिल्याच फेऱ्याला गच्चीची फरशी हलली.

पहिल्या मात्रेवर ठोका होता. साधा ठोका नव्हे. मोठा ड्रम आणि बेस गिटार एकदम, अख्ख्या चाकाचं वजन त्या एका बिंदूवर. बशीएवढ्या स्पीकरमधून खर्जाचा तो आवाज कधी बाहेरच आला नव्हता. तिघांनी वर्षानुवर्षं ऐकली होती ती पोकळी इंग्लंडमधल्या मुलानं ठेवलेलीच नव्हती, ती त्या प्लेअरनं ठेवली होती.

हसमुखभाई खो खो हसले. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नसतो, पण धार असते. “सांभळ्युं, उस्ताद? पिस्तालीस वरस आपणे खोटुं वगाड्युं.” पंचेचाळीस वर्षं आपण चुकीचं वाजवलं.

“आपणे नहीं,” दिगूकाका म्हणाले. “में.” आपण नाही, मी.

मग त्यांनी हात करून हसमुखभाईंना गप्प केलं आणि डोळे मिटून पूर्ण बावीस मिनिटं ऐकलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. तिथे लाज शोधत होते, खरं तर. ती नव्हती. पहाटे नदीवर गेलेला माणूस सूर्य वर येताना जसा उभा राहतो तसा तो चेहरा होता, स्वतःला पूर्ण विसरलेला. गाणं संपलं. खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

“काय वाजवलंय त्या पोरानं,” ते म्हणाले. “काय वाजवलंय.”

तो पोरगा आज असलाच तर त्यांच्याएवढाच म्हातारा असेल, हे त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. त्यांच्यासाठी तो भिजलेल्या शेतातच उभा होता, आणि त्यांना त्याच्यासारखं वाजवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरून ठोका ऐकू येऊ लागला. आधी अडखळत, मग नेमका. सत्तरीला आलेला माणूस पायाची आयुष्यभराची सवय मोडत होता, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या आनंदानं मोडत होता. मधल्या जिन्यात भेटले की सांगायचे, आज बारा फेरे सलग जमले, आज वीस. रविवारी आम्ही तिघांनी वाजवलं तेव्हा गाणं पहिल्यांदाच सरळ उभं राहिलं. हसमुखभाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मीच तेवढी सुखी नव्हते, आणि का ते मला सांगता येत नव्हतं.

ते त्या दुपारी कळलं. वही उघडी होती, आणि सगळं नीट बसल्यामुळे आता मला धीर आला होता म्हणून की काय, मी पहिल्यांदाच पेन्सिलीचे सूर वाजवून पाहिले. ते मूळ गाण्यात कुठेच नाहीत. एका पानावर कोमल गंधार, दुसऱ्यावर लांबलेला पंचम, कुठे दोन सूर एकमेकांना चिकटून. प्रत्येक फेऱ्याला निराळा, आणि प्रत्येक असा की ऐकताना मान आपोआप वळावी. ते अपुरं काम नव्हतं. रेकॉर्डवरून उतरवलेलं बाबांनी शाईनं लिहिलं होतं, स्वतःचं पेन्सिलीनं. दिगूकाकांचा पाय जिथे उचललेला असायचा, तेवढ्या एका मात्रेपुरते बाबा एकटे ऐकू यायचे, आणि त्या एका मात्रेसाठी ते रात्रंदिवस सूर खोडत बसले असले पाहिजेत. मी गच्चीवर जाऊन दिगूकाकांच्या नव्या ठोक्यावर ते हळूच वाजवून पाहिले. ऐकू आले नाहीत. मोठ्या ड्रमखाली ते ओल्या मातीत बी जावं तसे गेले.

ठोका राहिला तर बाबांचं वाजवणं या जगात कुठेच राहणार नव्हतं. एवढं सरळ होतं ते. आणि ते फक्त मला ठाऊक होतं, जिला दूधवाल्याला उद्या एक पिशवी जास्त हवी हे सांगायलाही दाराआड तीनदा म्हणून पाहावं लागतं. शिवाय सांगायचं कुणाला? ज्या माणसानं आपली चूक एवढ्या प्रसन्नपणे मान्य केली, त्याला? त्याच्या हातून ते सुधारणं काढून घ्यायचं? मी चार दिवस वही पर्समध्ये घेऊन हिंडले. दोनदा तळमजल्यापर्यंत गेले आणि बाहेर रांगोळीचा रंग आणायचा होता असं दाखवून परत आले.

पंचवीस तारखेला सकाळी ते जिन्यातून पेडल घेऊन उतरत होते. मी चढत होते. जिना अरुंद आहे. कुणीतरी थांबावं लागतं.

“काका,” मी म्हणाले, “पहिल्या घरात बाबा आहेत.”

त्यांनी पेडल पायरीवर ठेवलं. वही घेतली, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून धरली, आणि जिन्याच्या जाळीतून येणाऱ्या उन्हात एकेक पान उलटू लागले. ओठ हलत होते. कुठे कुठे ते थांबत, आणि बोट त्या पातळ झालेल्या कागदावर न टेकवता वर धरत. शेवटच्या पानापर्यंत गेले.

“हे तो वाजवायचा,” ते म्हणाले. “मला वाटायचं, रेकॉर्डवरचंच आहे.”

मग वही मला देताना, वर न बघता: “पण त्या पोराचं काय गं? त्यानं इतकं खरं वाजवलंय.”

पेडल उचलून ते खाली गेले.

सव्वीसच्या सकाळी गार वारा होता. झेंड्यातून सुटलेल्या पाकळ्या माझ्या कीबोर्डवर येऊन पडल्या होत्या. राष्ट्रगीत झालं, लहान मुलींचा नाच झाला, आणि फाफडा-जिलेबीच्या टोपल्या आल्या तशी खुर्च्यांची तोंडं टोपल्यांकडे वळली. आई पहिल्या रांगेत बसली होती, हातातली बशी तशीच. मी दिगूकाकांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होते. कॅनव्हासचा पांढरा बूट, पेडलवर टेकलेला. बाबांचा पहिला सूर मी बोटाखाली धरला होता आणि तो वाजवावा की नाही, मला ठाऊक नव्हतं.

हसमुखभाईंनी मान हलवली. बूट वर उचलला गेला, आणि वरच राहिला.

त्या क्षणी मैदानात जे पसरलं त्याला शांतता म्हणता येणार नाही; फाफडा मोडण्याचा आवाज होता, स्कूटर होती, कुणी हिरव्या मिरचीची वाटी मागत होतं. पण त्या सगळ्याच्या मधोमध एक मात्रा मोकळी होती, आणि तिच्यात बाबांचा कोमल गंधार वाजला. माझ्या बोटानं, पण माझा नाही. मग सहा मात्रांचं चाक, मग पुन्हा तो बूट हवेत, आणि पुढच्या पानावरचा पंचम. हसमुखभाईंनी चमकून वळून पाहिलं. ठोका गेला म्हणून नव्हे. त्यांनी तो सूर ओळखला होता. गिटारवरची त्यांची बोटं चालत राहिली, पण तोंड तसंच उघडं राहिलं, आणि पुढची कितीतरी मिनिटं ते माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यामागे बघत वाजवत होते. आईनं बशी खाली जमिनीवर ठेवली.

आठ मिनिटं केव्हाच उलटली. सेक्रेटरी दोनदा उठले आणि दोनदा बसले. निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आम्ही फिरत राहिलो.

वहीच्या शेवटच्या ओळीतलं पहिलं घर कोरं आहे. तिथे शून्य आहे, पण सूर नाही, पेन्सिलीची खूणही नाही. बाबांना तिथे काही सापडलं नाही, किंवा तिथे काही नसावं असं त्यांनी ठरवलं. त्या घराशी आलो आणि मी हात उचलले. दिगूकाकांनी ते पान जिन्यात पाहिलं होतं. त्यांचा पाय खाली आला, मोठ्या ड्रमवर सगळ्या वजनानिशी, पहिल्या मात्रेवरचा त्या दिवसातला एकुलता एक ठोका, इतका भरदार की निंबावरचे पारवे उडाले. भिजलेल्या शेतातल्या त्या मुलाचं देणं तिथे पोचतं झालं. मग त्यांनी काड्या मांडीवर ठेवल्या आणि उजवा तळवा, सवयीनंच असेल, हवेत उघडला.

अजूनही सकाळी दहाला मी गच्चीवर जाते. ते मोजतात, मी टाकीच्या कट्ट्यावर बसून ऊन घेते. तळवा उघडतो, दोन टाळ्या पडतात, तळवा उघडतो. चाक कुणासाठी थांबत नाही, हे त्या चार मुलांना कळलं होतं. पण फेऱ्याच्या आरंभी कुणी एकानं पाय उचलून धरला, तर गेलेलं माणूस तेवढ्या एका मात्रेपुरतं येऊन जातं, आणि मला वाटतं, स्मरण म्हणजे दर सातव्या मात्रेनंतर न चुकता मोकळी ठेवलेली तेवढीच जागा.